उसनं मशीन, उसनं नाव

रिव्हर्सो या घड्याळाचा जन्म भारतात झाला, असं जॅगर-लकूल्त्र कंपनी सांगते. १९३०च्या सुमारास सेझार द त्रे हा स्विस व्यापारी इथे आला होता. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार. त्यावर उपाय म्हणून फ्रेंच इंजिनियर शोव्हो याने चौकटीत सरकवून उलटं करता येणारं घड्याळ आखलं. १९३१ साली त्याचं पेटंट झालं.

या गोष्टीत भारत फक्त मैदानापुरता आहे. पण मला खटकतं ते वेगळंच. रिव्हर्सोत सुरुवातीला लकूल्त्रचं मशीन नव्हतंच. योग्य मापाचं मशीन हाताशी नसल्यामुळे ताव्हान कंपनीचं घेतलं. स्वतःचं मशीन आलं १९३३ साली. म्हणजे आज संग्राहक ज्या पहिल्या रिव्हर्सोसाठी जीव टाकतात, तिचं काळीज उसनं आहे. त्याने घड्याळ कमअस्सल ठरत नाही. ते सरकणं, तो 'टक्' आवाज, मागची कोरी पाठ, ही कल्पना अस्सलच आहे.

मग हाच न्याय एचएमटीला का नाही? १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने हा कारखाना सुरू झाला. 'जनता' बघा: चावीचं मशीन, साधी डायल, एका नजरेत कळणारी वेळ. अंगावर मिरवायचं घड्याळ म्हणून तिच्यात काहीही कमी नाही. तरी तिचं नाव काढलं की आपण 'जपानी मशीन' म्हणून मोकळे होतो, आणि स्विस उसनवारीला 'वारसा' म्हणतो. फरक मशीनचा नाही, गोष्ट कोण सांगतं याचा आहे. १९७२ साली कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने पडून राहिलेल्या २०० रिव्हर्सो केस विकत घेतल्या आणि संपलेलं घड्याळ पुन्हा उभं राहिलं. २०१६ साली एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला, तेव्हा असा कोर्व्हो कुणी आला नाही.

आला असेल, तर तो धानाच्या बांधीतून. भंडाऱ्याच्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात 'पटेल-३' धानातून वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून बारीक दाण्याचं नवं वाण तयार केलं. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा बाजारात सगळ्यात भरवशाचं काय होतं? घड्याळ. वाणाचं नाव पडलं एचएमटी.

दादाजी २०१८ साली गेले. भंडारा, साकोली, लाखांदूरकडे आजही 'एचएमटी' म्हटलं की आधी तांदूळ आठवतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो खाल्लाय, घड्याळ मात्र पाहिलेलं नसेल. कोणत्याही लक्झरी ब्रँडला हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे. फक्त ती सांगायला आपल्याकडे जाहिरात विभाग नव्हता.