जपानी लोककथा आणि आधुनिक चित्रकथा

जपानी लोककथा आणि आधुनिक चित्रकथा : जपानमधील चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रकाराचा तेथे मोठा प्रसार झाला आणि पारंपरिक लोककथांना त्यातून नवा वाचकवर्ग लाभला. या पुनर्कथनाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) या चित्रकथाकाराच्या कृतींत विशेष स्पष्टपणे दिसतात.

मिझुकीचे बालपण साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावी गेले. तेथे ‘नोन्नोन्बा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्ध स्त्रीकडून त्याने योकाईंच्या कथा ऐकल्या. भुतेखेते, मायावी प्राणी आणि उलगडा न होणाऱ्या घटना या सर्वांना मिळून ‘योकाई’ ही संज्ञा वापरतात. महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्याने डावा हात गमावला. युद्धानंतर तो ‘कामिशिबाई’साठी, म्हणजे एकामागून एक चित्रफलक सरकवीत रस्त्यावर कथा सांगण्याच्या खेळासाठी, चित्रे काढू लागला. त्याचा विख्यात नायक कितारो हा मूळचा १९३० नंतरच्या दशकातील कामिशिबाईतला. त्याच्यामागे एक जुनी लोककथा आहे : मृत माता थडग्यात जन्मलेल्या बाळासाठी रोज रात्री दुकानातून गोड खाऊ विकत नेते. मिझुकीने १९५४ मध्ये या नायकावर कामिशिबाई रचली, १९६० मध्ये त्याला चित्रकथेत आणले आणि १९६५ पासून तो साप्ताहिकातून सर्वदूर पोहोचला. १९६७ मध्ये या मालिकेला गेगेगे नो कितारो हे नाव मिळाले.

योकाईंची रूपे घडविताना मिझुकीने तोरियामा सेकिएन याच्या १७७६ मधील चित्रसंग्रहाचा आणि लोकसाहित्याचा अभ्यासक यानागिता कुनिओ (१८७५–१९६२) याच्या नोंदींचा आधार घेतला. यानागिताच्या नोंदीतील ‘नुरिकाबे’ हा क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा एक अनुभव आहे. रात्री चालताना पुढची वाट एकाएकी अडते. काठीने खालच्या बाजूस आघात केला, तर अडथळा नाहीसा होतो, वर मारून मात्र उपयोग होत नाही. या नोंदीत त्याला चेहरा नाही. मिझुकीने त्याला डोळे व हातपाय असलेल्या भिंतीचे रूप दिले आणि आज बहुतेक जपानी वाचकांच्या मनात नुरिकाबे म्हणजे हीच भिंत होय. कागोशिमा भागात माणसांच्या अंगावर झेपावणारे ‘इत्तान मोमेन’ हे लांब कापड कितारोच्या कथांत त्याचे उडते वाहन बनले.

येथे पुनर्कथनाची किंमत ध्यानात येते. विशिष्ट वाटेवरची, सांगणाऱ्यागणिक पालटणारी भीती एका ठाम आकृतीत बंदिस्त झाली; नाव टिकले, पण अनिश्चितता गेली. तथापि मिझुकीच्या शैलीतच या हानीची काही भरपाई आहे. त्याची पात्रे मोजक्या रेषांची व विनोदी असतात, तर त्यांच्यामागचे रान, जुनी घरे व अंधार असंख्य बारीक ठिपक्यांनी वास्तव उभे केलेले असतात. आकृतीतून गेलेले भय अशा रीतीने पार्श्वभूमीत उरते.

आकृतीऐवजी कथेतील प्रश्न उचलण्याचा मार्गही काहींनी अनुसरला. जलमानवीचे मांस खाऊन ८०० वर्षे जगलेल्या भिक्षुणीची आख्यायिका वाकासा प्रांताशी निगडित आहे. ताकाहाशी रुमिको हिने १९८४ पासून लिहिलेल्या जलमानवीविषयक कथांत अमरत्व ही शिक्षा ठरते आणि नायक पुन्हा मर्त्य होण्याचा उपाय शोधत हिंडतो. मूळ कथेत सूचित असलेले एकाकीपण येथे कथेचा मुख्य विषय बनते.

यानागिताने १९१० मध्ये तोनो मोनोगातारी या ग्रंथात तोनो परिसरातील कथा त्या गावच्याच सासाकी किझेन याच्याकडून ऐकून नोंदविल्या होत्या. मिझुकीने २०१० मध्ये त्यांचे चित्रकथेत रूपांतर केले, तेव्हा त्याने स्वतःलाही त्या परिसरातील वाटसरू म्हणून चित्रात आणले. कितारोत स्थळापासून सुटलेली कथा येथे पुन्हा आपल्या गावात, सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये उभी राहते. लोककथेचे खरे पुनर्कथन केवळ तिच्यातील भुतांना चेहरा देऊन साधत नाही. ती कोणी, कोठे व कशाच्या भयाने सांगितली, याची जाण चित्रात उरावी लागते.