आधी ऐका, मग हाकला

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथं तशीच ठेवली आहे.)



रॉकच्या चाहत्यांपुढे सापडलेला पॉप गायक, हा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की याचा आणि आपल्या संभाजीनगराचा काय संबंध? संबंध कानाचा आहे. कान आपल्यालाही आहेत आणि ते कधी बंद करायचे हे आपणही फार लवकर ठरवतो. म्हणून आज मी गायकांबद्दल थोडं आणि श्रोत्यांबद्दल जास्त बोलणार आहे.

प्रश्न साधा आहे. गाणारा समोर उभा आहे आणि समोरचे लोक त्याला ऐकायला तयार नाहीत. त्यांची हुर्यो ही टीका मानायची का? आपण समीक्षेचे विद्यार्थी असं पटकन म्हणून टाकतो की शेवटी रसिक हाच खरा परीक्षक. मग या परीक्षकानं पेपर न वाचताच गुण दिले तर काय म्हणायचं?

सुरुवात टोरांटोपासून करू. 2003 साली त्या शहरात सार्सची साथ आली होती. कॅनडात चाळीसच्या वर माणसं गेली. शहराकडे पर्यटक फिरकेनात. मग लोकांना परत आणायला 30 जुलै 2003 रोजी डाउन्सव्ह्यू पार्कवर एक प्रचंड मैफल झाली. गर्दी चार-साडेचार लाखांची सांगतात. शेवटी गाणार रोलिंग स्टोन्स. त्यांच्या आधी रश, एसी/डीसी, म्हणजे रॉकवाल्यांची पंढरीच. आणि या यादीत मध्येच एक नाव होतं जस्टिन टिंबरलेक. ‘एन सिंक’ या मुलांच्या पॉप गटातून पुढे आलेला, आदल्याच वर्षी स्वतःचा पहिला अल्बम काढलेला, नाचत गाणारा पोरगा.

तो गायला लागला आणि पाण्याच्या बाटल्या यायला लागल्या. उन्हाचा दिवस, प्रत्येकाच्या हातात बाटली, म्हणजे दारूगोळ्याला तोटा नाही. त्यानं आपला कार्यक्रम कसाबसा उरकला. रात्री स्टोन्सनी त्याला स्वतःबरोबर ‘मिस यू’ गायला बोलावलं, तेव्हाही बाटल्या आल्याच. शेवटी कीथ रिचर्ड्स पुढे झाला आणि त्यानं आपल्याच चाहत्यांना झापलं.

आता यातली गंमत बघा. ‘मिस यू’ हे गाणं 1978 चं. त्याचा ठेका सरळसरळ डिस्कोचा. म्हणजे ज्या नाचऱ्या संगीताचा राग म्हणून टिंबरलेकवर बाटल्या फेकल्या, तेच संगीत स्टोन्सनी पंचवीस वर्षांपूर्वी घरात आणून ठेवलं होतं. तेच गाणं मिक जॅगरनं गायलं की रॉक, शेजारच्या पोरानं गायलं की पाप. मग कान नेमकं काय ऐकत होते? मला वाटतं, ते ऐकत नव्हतेच. ते ओळखपत्र तपासत होते.

हे टोरांटोत सुरू झालं असंही नाही. 1966 च्या मे महिन्यात मँचेस्टरमध्ये बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला ‘ज्यूडस’ म्हणून ओरडलं. म्हणजे विश्वासघातकी. ओरडणारे लोकसंगीताचे निष्ठावंत. त्यांच्या लेखी त्या दिवशी रॉक हेच बाजारू, थिल्लर, पोराटकी होतं. तेरा वर्षांत पारडं फिरलं. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रॉक रेडिओ निवेदकाच्या पुढाकारानं डिस्कोच्या रेकॉर्ड गोळा करून स्फोटानं उडवल्या. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना खेळताच आला नाही. आता रॉकवाले सासूच्या भूमिकेत आले होते आणि डिस्को सून होती.

पण इथं सासू-सुनेची उपमा पुरत नाही. डिस्को वाढलं कुठं? काळ्या लोकांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगी लोकांच्या नाचघरांत. टिंबरलेकचा श्रोता कोण? मुख्यतः शाळकरी मुली. मैदानातला राग सुरांवर होता की सुरांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांवर? ‘हे काय गाणं आहे?’ या वाक्याच्या पोटात पुष्कळदा दुसरं वाक्य असतं: ‘हे कुणाचं गाणं आहे?’ हे दुसरं वाक्य पकडणं हे टीकाकाराचं काम आहे.

आता जरा आपल्या घराजवळ येऊ. मुंबईच्या संगीतविश्वात वर्षानुवर्षं वावरलेल्या एका गायिकेच्या वाट्याला असाच समुदाय आला होता. त्यांचं नाव लक्ष्मी शंकर. जन्म 1926 चा, सुरुवात नृत्यातून. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात त्या शिकल्या. आजारपणामुळे नाच सुटला, तेव्हा त्या गाण्याकडे वळल्या आणि पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे शिकल्या. रविशंकरांचे भाऊ राजेंद्र शंकर हे त्यांचे पती.

1974 साली जॉर्ज हॅरिसननं अमेरिका-कॅनडाचा दौरा काढला. बीटल्स फुटल्यानंतर त्यांच्यापैकी कुणाचाही तिथला हा पहिलाच दौरा. 2 नोव्हेंबरला व्हँकुव्हरला सुरू झाला, 20 डिसेंबरला न्यूयॉर्कला संपला. हॅरिसननं कार्यक्रमाचा मोठा भाग रविशंकरांच्या वाद्यवृंदाला दिला. त्यात कोण कोण होते बघा: अल्लारखाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सुलतान खान, एल. सुब्रमण्यम. आज एकेकाच्या नावावर नाट्यगृह भरेल. आणि गायला लक्ष्मी शंकर.

समोर बसलेल्यांनी तिकीट काढलं होतं ते बीटल्सच्या आठवणीसाठी. काही ठिकाणी लोक चुळबुळत, उठून खायला-प्यायला जात, रॉक हवं म्हणून ओरडत. सगळीकडे असं झालं नाही. काही शहरांत या वादकांना भरभरून दादही मिळाली. पण व्हँकुव्हरच्या अनुभवानंतर कार्यक्रमाची रचनाच बदलावी लागली. हॅरिसनचा स्वतःचा आवाज बसलेला होता, त्यात तो मंचावरून लोकांना सुनवायचा. पुढे शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा त्रास झाला, ते रुग्णालयात गेले, आणि त्यांच्या गैरहजेरीत वृंदाची धुरा लक्ष्मीबाईंनी सांभाळली. हे चित्र डोळ्यापुढे आणा. हजारोंचं बंदिस्त क्रीडागृह, अधीर तरुण प्रेक्षक, आणि वृंद पुढे नेणारी पन्नाशीकडे झुकलेली ख्यालगायिका.

त्या कार्यक्रमात त्या ‘आय ॲम मिसिंग यू’ हे गाणं गायच्या. हे ख्याल नाही, ठुमरी नाही. हे चक्क पॉप गाणं आहे. इंग्रजी शब्द रविशंकरांचे, निर्मिती हॅरिसनची, ध्रुवपद परतपरत येणारं, खाली ड्रमचा ठेका. विषय कृष्णाचा विरह. मराठी कानाला हे गाणं ऐकताना परकं वाटतच नाही. आपण याला विराणी म्हणतो. ज्ञानोबांपासून आपल्याकडे पुरुष संतसुद्धा विरहिणी होऊन बोलले आहेत. तीच विराणी इथं इंग्रजीत आणि गिटारच्या सोबतीनं आली आहे.

आता टीकाकार म्हणून मी हे गाणं ऐकतो तेव्हा सगळं छानच आहे असं म्हणणार नाही. वाद्यांची गर्दी जास्त आहे. ज्या गळ्याला एका स्वरावर थांबून, त्याला चहूबाजूंनी न्याहाळून पुढे जायची सवय, त्याला ध्रुवपदाच्या चौकटीत बसवलं आहे. विस्ताराला जागा नाही. पण शब्दाच्या शेवटी त्या जी बारीकशी मींड घेतात, ती इंग्रजी शब्दाला एकदम ओलं करून टाकते. गाणं दोन घरांमधल्या बोळात उभं आहे, थोडं अवघडलेलं आहे, आणि तरी खरं आहे. हे माझं मत. तुमचं उलट असेल. पण आपण दोघंही गाण्याबद्दल बोलतोय. ‘रॉक आण, रॉक आण’ म्हणून ओरडणारा गाण्याबद्दल काही बोलतच नव्हता.

लगेच त्या प्रेक्षकाला अडाणी ठरवू नका. त्याची बाजू आहे. त्यानं पैसे मोजले होते, आणि आपण काय ऐकणार आहोत याची त्याची कल्पना वेगळी होती. सारंगीसारखं बैठकीतलं वाद्य खेळाच्या मैदानासाठी बांधलेल्या जागेत वाजवायचं हा निर्णय त्याचा नव्हता. टोरांटोतही रॉकच्या लाटेत एकट्या पॉप गायकाला सोडायचं हा निर्णय आयोजकांचाच. आयोजक दोन समाज एका मांडवात बसवतो, मध्ये बोलणी करत नाही, आणि मार गायक खातो. म्हणून हुर्योचा जाब विचारताना पहिलं बोट कार्यक्रमाच्या रचनेकडे दाखवलं पाहिजे.

दुसरी बाजूही बघू. 1 ऑगस्ट 1971. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठीची मैफल. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते. सूर लावून झाले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, झाली एक चीज! रविशंकरांनी हसून सुनावलं, नुसतं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. हा किस्सा आपण विनोद म्हणून सांगतो. मला तो 1974 चा जुळा भाऊ वाटतो. तिथं न ऐकता टाळी, इथं न ऐकता आरोळी. टाळी कलाकाराला सुखावते म्हणून आपण तिला रसिकता म्हणतो, पण कान दोन्हीकडे बंदच आहेत.

मग ऐकणं म्हणजे काय? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. दौलताबाद ओलांडून घाट चढला की खुलताबाद. तिथं चिश्ती परंपरेतले बुऱ्हानुद्दीन गरीब विसावले आहेत, 1337 साली गेलेले. ते समा म्हणजे भक्तिसंगीताच्या श्रवणाचे मोठे भोक्ते होते. सूफींनी समासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. गंमत अशी की या तिन्ही अटी ऐकणाऱ्यांच्या बाजूच्या आहेत. आपण मैफल बिघडली की गायकाचा गळा तपासतो. ही माणसं सातशे वर्षांपूर्वी या डोंगरावर ऐकणाऱ्याची तयारी तपासत होती. टोरांटोला आणि व्हँकुव्हरला या तीन अटी लावून बघा. गायकाबद्दल एक शब्द न बोलता सगळा उलगडा होतो.

आता आपल्याकडे या. आपण बाटल्या फेकत नाही, सभ्य आहोत. आपण एक शब्द फेकतो. ‘बाजारू.’ लावणीवर फेकला, तमाशावर फेकला. आपल्या शहरात आणि सगळ्या मराठवाड्यात भीमगीतं गावोगाव, वस्तीवस्तीत गायली जातात. वामनदादा कर्डकांसारखा शाहीर 1922 ते 2004 एवढं आयुष्य जगून, हजारो गाणी देऊन गेला. त्यांच्या चालींवर, शब्दांच्या वजनावर, भर चौकात गर्दी धरून ठेवण्याच्या कसबावर संगीतसमीक्षेच्या किती व्याख्यानांत चर्चा झाली? ‘तो डीजेचा प्रकार’ म्हणून खिडकी लावून घेणारे मात्र पुष्कळ भेटतात. आवाज मोठा असेल तर त्याची तक्रार जरूर करा. पण डेसिबलची तक्रार आणि गाण्याबद्दलचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोत डिस्कोच्या आडून जे बोललं गेलं, ते आपण इथं दुसऱ्या नावानं बोलतोय का, एवढं प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

वेळ संपत आली. एक प्रश्न घेतो.

श्रोत्यांतून प्रश्न: सर, म्हणजे जे पुढ्यात येईल ते मुकाट्यानं ऐकायचं? नावडलं तर म्हणायचंसुद्धा नाही?

नाही, अजिबात नाही. नापसंती हा रसिकाचा हक्क आहे आणि तो सोडू नये. सगळ्याला वाहवा करणारा श्रोता कलाकाराचं नुकसानच करतो. माझी मागणी फक्त क्रमाबद्दल आहे. आधी ऐका, मग हाकला. एक गाणं पुरतं ऐका. मग ‘ठेका घसरला’ म्हणा, ‘शब्द पोकळ आहेत’ म्हणा, उठून जा, पुढचं तिकीट काढू नका. त्यात गायकाचा अपमान नाही, कारण त्याचं गाणं तुमच्यापर्यंत पोचलं होतं. अपमान तेव्हा होतो, जेव्हा त्याचं नाव पुकारताच निकाल लागलेला असतो.

आणि एक गृहपाठ देतो. तुम्ही ज्या गाण्याला न ऐकता नावं ठेवता असं एक गाणं निवडा. घरी जाऊन दोनदा ऐका. पहिल्यांदा राग येईल, तो येऊ द्या. दुसऱ्यांदा काय ऐकू आलं ते चार ओळींत लिहून ठेवा. गाणं नाहीच आवडलं तरी त्या चार ओळी टीका असतील.