‘खर्ज’, ‘टीप’ आणि काळी चार : ध्वनियंत्रांच्या पॅनेलवरील अक्षरलेखन

भजनी मंडळाच्या मिक्सरवर बहुधा दोन लेखने आढळतात. एक कारखान्यात छापलेले, काळ्या पत्र्यावर पांढऱ्या शाईतले, इंग्रजी. दुसरे त्याच्याच खाली चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेले : ‘बुवा’, ‘पेटी’, ‘तबला’, ‘टाळ’. पहिले यंत्र विकले जाण्यापूर्वीच पूर्ण झालेले असते. दुसरे कार्यक्रमापूर्वी अर्धा तास सिद्ध होते आणि पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी खरवडून काढले जाते. यंत्र चालविणाऱ्याचा हात मात्र दुसऱ्याच्याच आधाराने फिरतो. पहिल्या लेखनातले काय कमी पडते, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मोठ्या कारखान्यातून हजारोंच्या संख्येने निघणाऱ्या यंत्रापुरते याचे उत्तर सरळ आहे. त्याचे पॅनेल सर्व देशांसाठी एकच असते. पण मागणीनुसार एखाद-दुसराच ध्वनिवर्धक बांधून घेतला जातो, तेथे ही सबब उरत नाही. मीरा-भाईंदर हे या दृष्टीने पाहण्यासारखे शहर आहे. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. मराठी, गुजराती, राजस्थानी, हिंदी अशा बोलींची येथे रोजची सरमिसळ आहे, आणि पोलादी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरच्या गाळ्यांतून धातूच्या पत्र्यावर होणारी लहानमोठी कामे चालतात. अशा ठिकाणी एकाच नगाचे पॅनेल कापून, भोके पाडून, त्यावर स्क्रीन छपाई करून घेणे ही अवघड गोष्ट नव्हे. आर्टवर्क म्हणून जे काही संगणकावर मांडून द्यावे, त्याची फिल्म निघते, फिल्मवरून स्क्रीन तयार होते आणि स्क्रीनमधून शाई पत्र्यावर उतरते. शब्द कोणते असावेत, हे ठरविण्याचे पूर्ण स्वातंत्र्य येथे मागणी देणाऱ्याच्या हाती असते. तरीही आर्टवर्क इंग्रजीतच मांडले जाते. याचे समर्थन दोन प्रकारे करण्यात येते : मराठीत शब्द नाहीत, आणि देवनागरी त्या जागेत बसत नाही.

पहिला आक्षेप आधी पाहू. ध्वनिवर्धकावरील मुख्य बटणे फार नसतात. आवाज कमी-जास्त करणारे एक, खालच्या कंप्रतेचा भाग उठविणारे वा दाबणारे एक आणि वरच्या कंप्रतेचे एक. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मंडलरचनेपासून ही शेवटची जोडी जगभर रूढ झाली. तिला इंग्रजीत ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ म्हणतात. हे शब्द विद्युत्‌शास्त्राने घडविलेले नाहीत. दोन्ही गायनातून आलेले आहेत. ‘बेस’ म्हणजे खालचा गळा. ‘ट्रेबल’ हा शब्द मुळात ‘तिहेरी’ या अर्थाचा. मध्ययुगीन युरोपीय गायनात मूळ पदाच्या वर रचलेल्या तिसऱ्या पदावरून तो उंच स्वराचा वाचक झाला. म्हणजे इंग्रजीने आपल्या गवयाचे शब्द उचलून यंत्राच्या बटणास लावले. मराठीने हेच केले तर ‘खर्ज’ आणि ‘टीप’ हे शब्द हाताशी आहेत. खर्ज लावणे आणि टिपेला जाणे हे भजनाला बसणाऱ्या कोणासही समजावून सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की खर्ज हे सप्तकाचे नाव आहे, आणि बटण फिरविल्याने गायकाचे सप्तक बदलत नाही, केवळ नादाचा पोत बदलतो. आक्षेप खरा आहे. पण तो ‘बेस’ला तितकाच लागू पडतो. इंग्रजीत जे लक्षणेने चालते ते मराठीत अभिधेनेच चालावे, हा आग्रह विचित्र होय. परिभाषा घडविणाऱ्यांच्या मनात ही भीती नेहमी असते. म्हणून ‘ध्वनितीव्रता नियंत्रक’ यासारखा समास सुचविला जातो, जो अचूक असतो आणि कोणाच्याच तोंडी नसतो. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द मंडळाच्या परवानगीच्या अर्जात रुळला. पण अर्ज लिहिणाऱ्या हाताची गरज वेगळी आणि बटण फिरविणाऱ्या हाताची वेगळी.

स्वरपट्टीच्या बाबतीत तर शब्द नाहीत ही तक्रार उलटीच ठरते. मराठी गायक आपली पट्टी पेटीच्या पडद्यांवरून सांगतो : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन... सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून सप्तकातील बाराही स्वर या पद्धतीत येतात, आणि नावातच तो पडदा कोठे सापडेल हेही सांगितलेले असते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर मात्र बहुधा ‘सी’, ‘सी शार्प’ अशी पाश्चात्त्य नावे असतात. ‘काळी चार’मध्ये गाणाऱ्या बाईंना ती ‘जी शार्प’ आहे हे पाठ करावे लागते. न केल्यास तानपुरा शेजारच्या स्वरावर लागतो आणि सारी मैफल अर्ध्या स्वराने अडते. येथे परकी नावे अधिक शास्त्रीय आहेत असेही नाही. दोन्ही पद्धती त्याच बारा स्वरांना नावे देतात. फरक इतकाच की एक ऐकून पाठ आहे आणि दुसरी छापलेली आहे.

दुसरा आक्षेप लिपीचा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. रॅकमध्ये बसणाऱ्या सर्वांत बुटक्या यंत्राची उंची ४४.४५ मिलिमीटर असते. त्यात भोक, नॉब आणि त्याभोवतीचे अंक वजा जाता अक्षराला अडीच-तीन मिलिमीटर उरतात. रोमन मोठी अक्षरे सारखी उंच. त्यांना वर-खाली काही लागत नाही. देवनागरीला वेलांटी, रफार आणि अनुस्वारासाठी शिरोरेषेच्या वर, तर उकारासाठी खाली जागा हवी. पण ही अडचण किती भासेल हे निवडलेल्या शब्दावर अवलंबून असते. ‘आवाज’ या शब्दास वर-खाली एकही चिन्ह नाही; ‘लय’, ‘ताल’, ‘मधला’ यांनाही नाही. याउलट देवनागरीत उतरविलेला ‘व्हॉल्यूम’ पाहावा : दोन जोडाक्षरे, वर अर्धचंद्र, खाली उकार. पत्र्यावर छापण्यास यापेक्षा अवघड शब्द शोधूनही सापडणार नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिणे हा मधला मार्ग मानला जातो. छपाईच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट मार्ग आहे.

लिपीची खरी हानी जागेमुळे होत नाही, मांडणीमुळे होते. आर्टवर्क करणारा संगणकाच्या आज्ञेने प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीच्या मध्यावर आणतो. रोमनमध्ये याने काही बिघडत नाही. देवनागरीत ‘टीप’ची चौकट वेलांटीमुळे वर वाढते, म्हणून शब्द खाली सरकतो, शेजारचा ‘आवाज’ जागच्या जागी राहतो, आणि तीन शब्दांची ओळ तुटक्या पायरीसारखी दिसते. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली लिपी आहे. ओळ शिरोरेषेवर जुळवावी, हे दोन वाक्यांत सांगून होण्यासारखे आहे, पण पॅनेलमागून पॅनेल पाहिले तरी ते क्वचितच पाळलेले दिसते.

शाईचाही विचार आहे. स्क्रीनमधून उतरताना शाई किंचित पसरते आणि अरुंद फटी बुजतात. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील एका फटीचा. ती बुजली की ‘मधला’चा ‘मघला’ होतो. अशा ठिकाणी फट मुद्दाम रुंद ठेवणारा टाइप निवडणे किंवा अक्षराच्या बाह्यरेषेत हाताने दुरुस्ती करणे हाच उपाय. पारदर्शक प्लास्टिकच्या पाठीमागून छापताना आर्टवर्क उलटे करावे लागते; ते करावयाचे राहिले तर रोमन अक्षरात चूक ताबडतोब डोळ्यांत भरते, पण ‘३’ आणि ‘६’ हे अंक एकमेकांचे जवळजवळ प्रतिबिंब असल्याने नुसत्या अंकांच्या तपासणीत ती निसटू शकते. टाइप नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. म्हणून अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून मगच फाइल द्यावी, आणि रूपांतरानंतर मराठी वाचणाऱ्याने ती पुन्हा वाचावी. ‘ल’, ‘श’ यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाने निश्चित केली आहेत. परंतु अनेक टाइपांत हिंदी वळण आधी येते आणि मराठी वळण मागून घ्यावे लागते. ‘ताल’ आणि ‘लय’ लिहिणाऱ्यास हे ठाऊक असणे बरे.

सर्वच पॅनेल मराठीत असावे असे मात्र नाही. पाठीमागच्या जोडणीच्या जागांवर जगभर एकच चिन्हे चालतात आणि तुटलेली वायर जोडणाऱ्या कारागिराला तीच हवी असतात. तेथे मराठी नाव देणे हा केवळ हट्ट ठरेल. पुढची बाजू गाणाऱ्यांची व मंडळाची, मागची कारागिराची, अशी वाटणी पुरेशी आहे.

राहिली ती चिकटपट्टी. तीवरचे शब्द छापण्याचा मोह आर्टवर्क करताना होतो, आणि तो टाळला पाहिजे. ‘आवाज’ सर्व कार्यक्रमांत आवाजच राहतो. पण बुवा बदलतात, कधी टाळाच्या जागी चिपळ्या येतात, कधी दोन पेट्या. या ओळीपुरता पत्र्यावर पांढऱ्या खरखरीत शाईचा एक पट्टा मोकळा छापून घ्यावा, पेन्सिलने लिहून ओल्या फडक्याने पुसता येईल असा, आणि तो मिक्सर मांडीजवळ ठेवून बसणाऱ्याला मान न वाकवता वाचता येईल इतका रुंद.