पार्सल आहे, लेबल नाही

निरोप पाठवण्याचे ॲप एकाच कंपनीचे असले की छायाचित्र कसे पाठवायचे हे ती कंपनी ठरवते, आणि विषय संपतो. एक्सएमपीपी ह्या प्रोटोकॉलचे तसे नाही. 'जॅबर' ह्या नावाने सुरू झालेली व २००४ साली आयईटीएफने मानक म्हणून प्रसिद्ध केलेली ही नियमावली कोणाच्याच मालकीची नाही. कोणीही सर्व्हर चालवावा, कोणीही ॲप लिहावे. साहजिकच, नियमात जे लिहिलेले नसते ते प्रत्येक ॲप आपापल्या अंदाजाने भरून काढते. फाइल जोडण्याच्या बाबतीत नेमके हेच झाले, असे आमचे मत आहे.

सुरुवातीच्या पद्धतींत फाइल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे थेट जाई. त्यासाठी दोघेही त्याच वेळी जोडलेले असावे लागत. मोबाइल फोनचा संपर्क सारखा तुटतो, त्यामुळे ही पद्धत लंगडी पडली. २०१५ मध्ये 'एचटीटीपी फाइल अपलोड' हा पुरवणी नियम आला. त्यात आपले ॲप सर्व्हरला सांगते, 'अमुक नावाची, इतक्या बाइटची फाइल ठेवायची आहे.' सर्व्हर दोन पत्ते देतो : एक फाइल चढवण्याचा, दुसरा उतरवून घेण्याचा. ॲप फाइल चढवते आणि दुसरा पत्ता निरोपात धाडते. स्टेशनवरच्या सामानघरात पेटी ठेवून पावती पाहुण्याला पाठवावी, तसे. पाहुणा सवडीने येईना का! पन्नास जणांच्या गटालाही एकदाच चढवलेली फाइल पुरते. नियम छोटा होता, म्हणूनच तो भराभर पसरला. ह्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण गंमत पाहा. फाइलचे नाव व आकार सर्व्हरला सांगणे सक्तीचे. ज्याच्यासाठी ती फाइल आहे त्याला ते सांगावे, असे हा नियम म्हणत नाही. त्याला मिळतो नुसता पत्ता. हे चित्र आहे की वाचायचा दुवा, हे ओळखायला एक रूढी पडली. जुन्या एका नियमातील खूण वापरून तोच पत्ता पुन्हा द्यायचा, आणि निरोपाच्या मजकुरात त्या पत्त्याखेरीज एक अक्षरही ठेवायचे नाही. 'आमच्या वर्गाची सहल' एवढे लिहिले, की चित्राऐवजी अनेक ॲपमध्ये लांबलचक पत्ताच दिसतो. ही तडजोड आम्हाला पटत नाही.

ई-मेलसाठी बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइमचे नियम लिहिले. त्यांत प्रत्येक जोडलेल्या भागावर तो कोणत्या प्रकारचा आहे याचे लेबल असते. बेस-६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे फाइल एक-तृतीयांशाने फुगते. खर्च आहेच, पण फाइल पत्राबरोबर राहते. एक्सएमपीपीत ती पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, आणि किती दिवस ठेवायची हे तो सर्व्हर चालवणारा ठरवतो. निरोप उरतो, चित्र नाहीसे होते.

नाव, आकार, प्रकार आणि फाइलच्या बाइट्सवरून गणिताने काढलेला 'ठसा' पाठवण्याचे प्रस्ताव २०१७ व २०२० मध्ये आले खरे. परंतु तोवर ॲप नुसत्या पत्त्याला सरावली होती. यांतला ठसा महत्त्वाचा. एक बिट बदलला तरी तो बदलतो. म्हणून मूळ सर्व्हरने फाइल पुसली, तरी गटातल्या दुसऱ्या कोणाकडची प्रत घेऊन ती तीच आहे का, हे तपासता येते. नुसत्या पत्त्यावरून तसे करता येत नाही.