महाविद्यालयीन खेळाडूला ‘टिकवणे’ : अमेरिकी बास्केटबॉलमधील स्थलांतर व मोबदला यांची चिकित्सा

प्रस्तावना

बास्केटबॉल हा खेळ शिक्षणसंस्थेच्या आवारातच जन्माला आला. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत व्यायाम मिळावा म्हणून तो रचला. पुढे हाच खेळ अमेरिकी महाविद्यालयांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन बनला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजेच एनसीएए, हिने २०१० मध्ये पुरुषांच्या वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांसाठी चौदा वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला. २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज डॉलरला त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढविण्यात आली.

या व्यवस्थेत अलीकडे एक नवा प्रश्न अग्रभागी आला आहे. नवे खेळाडू कोणते मिळवावेत याबरोबरच, असलेल्यांपैकी किती राहतील, ही प्रशिक्षकाची मोठी चिंता झाली आहे. २०२५ च्या वसंत ऋतूत पुरुषांच्या बास्केटबॉलमधील दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी महाविद्यालय बदलण्यासाठी आपले नाव नोंदविले. पहिल्या श्रेणीतील संघांची संख्या सुमारे ३६० आहे. याचा अर्थ सरासरीने प्रत्येक संघातील पाचांहून अधिक खेळाडू जाण्याच्या विचारात होते.

या घडामोडींविषयी दोन मते प्रामुख्याने मांडली जातात. पैशामुळे निष्ठा संपली, हे पहिले मत. बाजाराने खेळाडूला उशिरा का होईना न्याय दिला, हे दुसरे. ही दोन्ही मते अपुरी आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. पूर्वी जिला निष्ठा म्हटले गेले ती बव्हंशी नियमांची सक्ती होती. आणि आज ज्याला टिकवणे म्हटले जाते त्यातून शिक्षणाचा आशय निसटत चालला आहे. या दोन विधानांची मांडणी पुढील विवेचनात केली आहे.

१. ‘टिकणे’ या शब्दाचे दोन अर्थ

विद्यार्थी टिकवणे म्हटले की आपल्या महाविद्यालयीन व्यवहारात ‘गळती रोखणे’ हा अर्थ चटकन डोळ्यांसमोर येतो. विद्यार्थी प्रवेश घेतो, मध्येच सोडून जात नाही आणि पदवी पूर्ण करतो, असा तो अर्थ आहे. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातही हाच अर्थ अधिकृतपणे स्वीकारलेला होता. एनसीएएने २००३ च्या सुमारास ‘शैक्षणिक प्रगती दर’ ही मोजणी सुरू केली. तीत शिष्यवृत्तीधारक खेळाडूमागे संघाला प्रत्येक सत्रात दोन गुण मिळू शकतात. एक गुण खेळाडू अभ्यासाच्या दृष्टीने पात्र राहिल्याबद्दल असतो आणि दुसरा तो संस्थेत टिकून राहिल्याबद्दल. ठरावीक पातळीखाली गेलेल्या संघावर कारवाई होते. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष संघाला याच कारणासाठी २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. त्याच संघाने पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. शैक्षणिक टिकाव आणि मैदानावरील यश या दोहोंत किती अंतर पडू शकते, हे यावरून दिसते.

याच काळात पदवीकडे होणाऱ्या वाटचालीचे नियमही कडक झाले. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीच्या आवश्यकतांपैकी ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण झालेला असावा, अशी ती अट आहे. संस्था बदलणाऱ्या खेळाडूची खरी अडचण येथेच सुरू होते. एका महाविद्यालयात मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात जसेच्या तसे बसतातच असे नाही. खेळाडू एका आठवड्यात नव्या संघात जातो, त्याचा अभ्यासक्रम मात्र त्याच्यामागून तेवढ्या वेगाने जात नाही.

आज प्रशिक्षक आणि क्रीडासंचालक ‘खेळाडू टिकवणे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात श्रेयांक किंवा पदवी नसते. पुढील हंगामाच्या संघयादीत ते नाव राहील की नाही, एवढाच अर्थ उरलेला असतो. शब्द तोच राहिला, पण त्याने मोजली जाणारी वस्तू बदलली.

२. जुन्या निष्ठेची चिकित्सा

निष्ठा लोपल्याची खंत करणाऱ्यांनी जुन्या व्यवस्थेची रचना पाहावयास हवी. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा १९५० च्या दशकात रूढ करण्यात आली. तिचा हेतू केवळ गौरवाचा नव्हता. खेळताना जखमी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या खेळाडूंच्या वतीने कामगार नुकसानभरपाईचे दावे येऊ लागले होते; खेळाडूला कर्मचारी ठरू न देणे ही संस्थांची गरज होती. १९५१ ते १९८७ या काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक असलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या संज्ञेमागील हेतू उघड केला आणि ती व्यवस्था खेळाडूंचे शोषण करते, असे प्रतिपादन केले.

१९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरण होणारी शिष्यवृत्ती आली. म्हणजे संस्थेला दर वर्षाअखेर खेळाडूचा हात सोडून देता येत होता. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती २०१२ मध्ये. खेळाडूने स्वतः संस्था बदलली, तर मात्र बास्केटबॉलसारख्या खेळांत त्याला एक संपूर्ण वर्ष सामन्यांपासून दूर बसावे लागे. शिवाय दुसऱ्या संस्थेची शिष्यवृत्ती स्वीकारण्यापूर्वी मूळ संस्थेची परवानगी लागत असे. प्रशिक्षकावर असे कोणतेही बंधन नव्हते. तो एप्रिलमध्ये एका संस्थेतून दुसरीत जाऊन त्याच वर्षी संघ मैदानात उतरवू शकत असे.

या परिस्थितीत जे खेळाडू चार वर्षे एका ठिकाणी राहिले, त्यांच्या राहण्याला सरसकट निष्ठा म्हणणे धाडसाचे ठरेल. जाण्याचा दरवाजा बंद असताना घरात थांबलेल्याची घरावरील माया सिद्ध होत नाही. काहींची ती होतीही. पण ती पारखण्याचे साधन त्या व्यवस्थेत नव्हते.

३. बंधने सैल होण्याचा क्रम

हे बदल एकाएकी घडले नाहीत आणि ते बहुतांशी संघटनेच्या इच्छेनेही घडले नाहीत. यूसीएलएच्या १९९५ च्या विजेत्या संघातील एड ओबॅनन यांनी, आपली प्रतिमा व्हिडिओ गेममध्ये विनामोबदला वापरली गेल्याबद्दल, २००९ मध्ये दावा दाखल केला. २०१४ चा निकाल मुख्यतः त्यांच्या बाजूने लागला. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यावसायिक वापरातून कमाई करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निर्णय दिला. त्याला जोडलेल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी, इतर जवळपास कोणत्याही व्यवसायात असे वर्तन बेकायदेशीर ठरले असते, असा रोखठोक अभिप्राय नोंदविला. १ जुलै २०२१ पासून नाव व प्रतिमेवरील कमाई देशभर खुली झाली.

स्थलांतराचे नियम याच सुमारास शिथिल झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले आणि परवानगीची अट गेली. २०२१ मध्ये एकदा संस्था बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट उठली. एप्रिल २०२४ मध्ये, न्यायालयीन आदेशांच्या पार्श्वभूमीवर, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संस्था बदलून लगेच खेळता येईल, असे ठरले. शेवटी ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातील तडजोड मान्य केली. तिच्यानुसार माजी व विद्यमान खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई मिळावयाची आहे. तसेच तडजोडीत सहभागी झालेल्या संस्थेला २०२५-२६ या वर्षी सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट रक्कम देता येऊ लागली.

स्थलांतराचे स्वातंत्र्य आणि कमाईचा हक्क हे तत्त्वतः दोन वेगळे प्रश्न होत. ते एकाच वर्षी खुले झाल्यामुळे त्यांचा संयोग घडला. प्रतिमेच्या वापराचा मोबदला म्हणून सुरू झालेली रक्कम व्यवहारात संघात येण्याची, आणि पुढे संघात राहण्याची, किंमत बनली.

४. तीन उदाहरणे

पहिले उदाहरण सेंट पीटर्स या जर्सी सिटीतील लहान विद्यापीठाचे आहे. २०२२ च्या स्पर्धेत पंधराव्या मानांकनाच्या या संघाने केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यू यांना हरवून अखेरच्या आठांत स्थान मिळविले. त्या मानांकनाच्या संघाला हे पूर्वी कधीच साधले नव्हते. स्पर्धा आटोपताच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉल या आपल्या स्वतःच्या मातृसंस्थेत गेले आणि प्रमुख खेळाडू निरनिराळ्या ठिकाणी पांगले. ज्या यशाने संस्थेला ओळख दिली त्याच यशाने तिचा संघ मोडला. प्रशिक्षकाच्या जाण्याला आपण सहज प्रगती म्हणतो. खेळाडूच्या त्याच कृतीला निष्ठाहीनता म्हणण्याचा अधिकार आपणास उरतो काय?

दुसरे उदाहरण २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडा विद्यापीठाचे. अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असे हरविणाऱ्या या संघातील वॉल्टर क्लेटन आयोना येथून, विल रिचर्ड बेलमाँट येथून आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिक येथून आले होते. एका अर्थी हे तीन लहान संस्थांनी घडविलेल्या खेळाडूंचे विजेतेपद होय. तथापि याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. रिचर्ड फ्लोरिडात तीन हंगाम राहिले, क्लेटन दोन. मार्टिन यांनी आधीच्या संस्थेत चार वर्षे काढली होती. स्थलांतर आणि टिकाव हे एकमेकांचे विरोधी शब्द नव्हेत, असे यावरून म्हणता येते.

तिसरे उदाहरण पर्ड्यू विद्यापीठाचे. मॅट पेंटर यांच्या या संघाने प्रामुख्याने शालेय पातळीवरून निवडलेले खेळाडू वर्षानुवर्षे वाढविण्याचे धोरण ठेवले. २०२३ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच फेरीत झालेल्या मानहानिकारक पराभवानंतरही झॅक ईडी चौथ्या वर्षासाठी परतले आणि २०२४ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. ईडी कॅनडाचे नागरिक होते. विद्यार्थी व्हिसाच्या निर्बंधांमुळे सहकाऱ्यांइतकी कमाई त्यांना सहज शक्य नव्हती. त्यांचे राहणे केवळ पैशाच्या हिशेबाने उलगडत नाही. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हेही २०२५-२६ च्या अखेरच्या वर्षासाठी तेथेच राहिले. जाण्याची पूर्ण मुभा असताना घेतलेला हा निर्णय आहे. म्हणूनच निष्ठा हा शब्द येथे अर्थपूर्ण ठरतो. मात्र मोठी मिळकत असलेल्या संस्थेला जे जमते ते सेंट पीटर्ससारख्या संस्थेला जमेलच, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही.

५. उपायांच्या मर्यादा

खेळाडू टिकवण्याचा आजचा प्रमुख उपाय म्हणजे अधिक रक्कम. तो तात्पुरता उपयोगी पडतो. परंतु प्रत्येक वर्षाअखेर बोली पुन्हा शून्यापासून सुरू होते. या दमछाकीला कंटाळून अनुभवी प्रशिक्षकही दूर होत आहेत. २०१९ मध्ये व्हर्जिनियाला विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये हंगामाच्या तोंडावर निवृत्ती घेतली आणि या नव्या वातावरणाला आपण योग्य नसल्याचे सांगितले.

दुसरा उपाय म्हणजे दीर्घ मुदतीचा करार. येथे मूळ विसंगती समोर येते. खेळाडूला कराराने बांधावयाचे, परंतु कर्मचारी मानावयाचे नाही, ही संस्थांची इच्छा आहे. डार्टमथ महाविद्यालयाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला. संस्थेने वाटाघाटीस नकार दिला आणि वर्षाअखेर तो अर्ज मागे घेण्यात आला. सामूहिक वाटाघाटी नाकारून सामूहिक शिस्त मागणे ही भूमिका तर्काला धरून नाही. व्यावसायिक खेळांत स्थलांतरावर मर्यादा आहेत, त्या खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारातून आलेल्या आहेत.

तिसरा उपाय, म्हणजे घडविणाऱ्या लहान संस्थेला भरपाई देणे, आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये रूढ आहे. तो विचारार्ह आहे. परंतु त्या भरपाईचा बोजा खेळाडूच्या संधीवर पडला, तर जुनेच बंधन नव्या नावाने परत येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) खेळाडूंचे स्थलांतर हे निष्ठेच्या ऱ्हासाचे लक्षण नसून दीर्घकाळ एकतर्फी असलेल्या बंधनाच्या अंताचे लक्षण आहे.

२) मोबदल्याचा हक्क न्याय्य आहे, परंतु केवळ मोबदल्यावर उभा राहिलेला टिकाव दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागतो.

३) या बदलाची सर्वाधिक झळ लहान संस्थांना आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्थलांतरात श्रेयांक गमावणाऱ्या, व्यावसायिक संघापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या सामान्य खेळाडूला बसते.

४) टिकवण्याचा विचार करताना खेळण्याचा काळ संपल्यानंतरही पदवी पूर्ण करू देण्याची हमी, श्रेयांकांच्या हस्तांतरणाची सोय आणि दोन्ही पक्षांना सारखेच बांधणारा करार या गोष्टी रकमेइतक्याच महत्त्वाच्या मानाव्या लागतील.

एखादे महाविद्यालय खेळाडूला पैशाखेरीज काय देऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर जुन्या व्यवस्थेला द्यावेच लागले नाही. नियमच ते काम करीत होते. आता नियम बाजूला झाले आहेत. व्यावसायिक संघ पैसा देऊ शकतो, कीर्ती देऊ शकतो; शिकवणे हे काम मात्र महाविद्यालयाचेच आहे. तेच दुय्यम ठरले, तर खेळाडूने तेथे का टिकावे, या प्रश्नाला महाविद्यालयाकडे स्वतःचे असे उत्तर उरणार नाही.