क्रूस, कबर आणि भयपट

चित्रपटकलेची शताब्दी १९९५ साली साजरी झाली. त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, नीतिमूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग असून प्रत्येक विभागात पंधरा नावे आहेत. धर्मविभागात कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा संत जोन ऑफ आर्कवरील १९२८ चा मूकपट आहे, यात नवल नाही. परंतु कलाविभागात फ्रीड्रिख मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’चे नाव वाचून आमच्या अनेक धर्मबांधवांना अचंबा वाटेल. १९२२ चा हा जर्मन मूकपट चक्क एका रक्तपिपासू पिशाच्चाचा आहे. ज्या प्रकारच्या चित्रपटापासून आपण मुलांना दूर ठेवतो, त्याच प्रकारातील एका कृतीला ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती संस्थेने मानाचे पान दिले. ते का, याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

हा विचार आमच्यासाठी केवळ कलेचा नाही. इंदापूर तालुक्यातील कळस आणि बारामतीच्या बाजूची गावे येथे आपली कुटुंबे विखुरलेली व थोडी आहेत. शेजाऱ्यांना आपल्या धर्माची ओळख चर्चमधून होण्याआधी बहुधा पडद्यावरून होते. पूर्वी हा पडदा जत्रेच्या तंबूत होता, पुढे घराघरांत दूरचित्रवाणी आली, आता तो मुलांच्या हातांत आहे. त्या पडद्यावर धुके, वटवाघळे, कलंडलेले क्रूस आणि कंदील घेतलेला पाद्री दिसतो. दफनभूमीच्या कडेने जाताना शेजारची मुले पावले झपाझप उचलतात. दुःखाची गोष्ट ही, की आपलीही मुले तेच करतात. आपले आजी-आजोबा जेथे पुनरुत्थानाच्या आशेने निजले आहेत, ती जागा भुताखेतांची कशी झाली?

याचे एक उत्तर रामसे बंधूंच्या चित्रपटांत सापडते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या या कुटुंबाने ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) पर्यंत भयपटांचा एक कारखानाच चालविला. सातही भाऊ या व्यवसायात होते. कोणी दिग्दर्शन करी, कोणी कॅमेरा सांभाळी, कोणी ध्वनी पाही. मोठ्या शहरांतील समीक्षकांनी त्यांच्याकडे नाक मुरडले. पण तालुक्याच्या गावी आणि तंबूंत त्यांना गर्दीची उणीव कधी भासली नाही. त्यांच्या कष्टाळूपणाविषयी आम्हांस आदर आहे. मात्र त्यांच्यापुढे एक पेच होता. जेथे बहुसंख्य समाज देहाला अग्नी देतो, तेथे मातीतून उठणारे प्रेत आणावे कोठून? राखेतून हात वर येत नाही. तेव्हा दफनभूमी उसनी घ्यावी लागली. आपल्याकडे लिंगायत बांधव दफन करतात, मुसलमान बांधवही करतात. परंतु दुरून ओळखू येणारी आणि विलायती भयपटात आधीच रुळलेली खूण क्रूसाची होती. अशा रीतीने आपल्या कबरी हिंदी भयपटाच्या नेपथ्यात जाऊन बसल्या. यात द्वेष नव्हता, सोय होती. पण सोयीने केलेली गोष्टही मनात घर करते.

रामसे यांनी ही सोय उचलली ती प्रामुख्याने इंग्लंडच्या हॅमर कंपनीकडून. टेरेन्स फिशर दिग्दर्शित ‘ड्रॅक्युला’ (१९५८) हा तिचा गाजलेला चित्रपट. क्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंग यांचा अभिनय त्यात पाहण्याजोगा आहे. रंगांची श्रीमंती आजही डोळ्यांत भरते. शेवटी कुशिंग यांचा व्हॅन हेल्सिंग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो आणि पिशाच्चाला उन्हात रेटतो. प्रसंग नाट्यमय आहे, हे कबूल. पण त्या क्षणी क्रूस म्हणजे काय उरतो? दोन धातूंच्या दांड्या, एक हत्यार. ते धरणाऱ्याची प्रार्थना, पश्चात्ताप, त्याग यांपैकी कशाचीच तेथे गरज नाही. कोन बरोबर जुळला की काम झाले. त्याच न्यायाने ‘पुराना मंदिर’मधील सामरी या राक्षसावर त्रिशूळ चालतो. चिन्ह बदलले, समजूत तीच राहिली. ख्रिस्तसभेची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. भूतनिवारणाचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही, असे धर्मनियम सांगतो. आणि त्या विधीतही मुख्य आहे ती विनवणी. पवित्र पाण्याची बाटली ताईत म्हणून उशाशी ठेवणाऱ्या भाविकांनी हे ध्यानी घ्यावे.

आता मुर्नाऊ यांच्याकडे वळू. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, परवानगी न घेता, नावे बदलून हा मूकपट केला गेला. लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो. (न्यायालयाच्या दृष्टीने निर्णय रास्तच होता, तरी तो पुरता अमलात आला नाही याचा आम्हांस आनंद वाटतो.)

यातील काउंट ओर्लोक हा देखणा सरदार नाही. माक्स श्रेक यांनी उभा केलेला हा जीव टक्कल पडलेला, उंदरासारख्या दातांचा आणि लांब नखांचा आहे. तो जहाजातून येतो आणि त्याच्याबरोबर उंदीर व प्लेग येतो. गावच्या रस्त्यातून शवपेट्यांची रांग जाते. एक मनुष्य दारोदार हिंडून रोगाने गाठलेल्या घरांवर खडूने क्रूस काढतो. पुणे जिल्ह्याने १८९७ चा प्लेग पाहिला आहे आणि आपल्या पिढीने २०२० सालची टाळेबंदी पाहिली आहे. बंद दारावरची खूण म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. येथे क्रूस कोणाला पळवून लावीत नाही. तो घरातल्या दुःखाची नोंद करतो.

दुसरे दृश्य याहून सुंदर आहे. नायिका एलेन समुद्रकाठच्या वाळूत पतीची वाट पाहत बसली आहे. तिच्या भोवती वाऱ्याने तिरके झालेले क्रूस आहेत आणि समोर लाटा. आमच्या मते संपूर्ण भयपटसृष्टीत दफनभूमीचे इतके शांत चित्रण क्वचितच सापडेल. भय येते ते समुद्रावरून. कबरींमध्ये बसलेली स्त्री मात्र सुरक्षित आहे. ती प्रेम करते आहे, प्रतीक्षा करते आहे, आणि मृत तिला सोबत करीत आहेत. रामसे यांच्या धुक्याळ नेपथ्यात हाच क्रूस आला, पण त्याखालची प्रतीक्षा आली नाही.

शेवटी पिशाच्चाचा नाश कसा होतो? निर्मळ अंतःकरणाच्या स्त्रीने स्वेच्छेने त्याला पहिला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी रोखून धरले तरच गाव वाचेल, असे एलेन एका ग्रंथात वाचते आणि तसे करते. उजाडते, ओर्लोक प्रकाशात विरून जातो, आणि तीही मरते. कोंबड्याचे आरवणे ऐकताच संत पेत्राची आठवण न होणारा ख्रिस्ती वाचक विरळा. एकाने स्वतःला वाचविण्यासाठी नाकारले, हिने इतरांना वाचविण्यासाठी स्वतःला दिले. मुर्नाऊ यांच्या मनात शुभवर्तमान होते असा दावा आम्ही करणार नाही. पण दुष्टतेवर उतारा हत्याराचा नसून आत्मदानाचा आहे, हे या मूकपटाने पडद्यावर मांडले. यादीतील त्याच्या स्थानाचे समर्थन आम्ही तरी याच आधारावर करू.

ड्रायर यांचा ‘व्हँपायर’ (१९३२) याच घराण्यातला. शवपेटीच्या काचेतून नायक स्वतःचीच अंत्ययात्रा पाहतो, हे दृश्य राखेच्या बुधवारी करावयाच्या चिंतनाइतके गंभीर आहे; बाकी कथानक मात्र विस्कळीत वाटते.

बेंजामिन क्रिस्तेनसेन यांचा ‘हेक्सन’ (१९२२) आपल्याला अवघड जाईल. चेटकिणी ठरवून जाळलेल्या स्त्रियांची ही कहाणी. यात धर्मगुरू छळ करताना दिसतात. सैतानाची भूमिका दिग्दर्शकाने स्वतःच केली आहे. चित्रण भडक आहे, काही ठिकाणी एकांगीही आहे. परंतु मूळ आरोप खोटा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, त्यात सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीचाही समावेश होता. आणि हा विषय दूरचाही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या विधवेवर करणीचा आळ घेणे आता गुन्हा आहे. चावडीवर तो आळ ऐकू आला तर आपले कुटुंब कोणत्या बाजूला उभे राहते, हे ‘हेक्सन’ पाहताना स्वतःला विचारावे.

जर्मन छायाप्रकाश महाराष्ट्रात रामसे यांच्या कितीतरी आधी पोहोचला होता, हे फारसे कोणी बोलत नाही. म्युनिकचे छायाचित्रकार योसेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले, महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत राहिले, आणि पुढे कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) त्यांनी चित्रित केला. ओसाड हवेली, झुलता झोपाळा, दिव्याच्या उजेडात हलणाऱ्या सावल्या. क्रूस नाही, कबर नाही. शेवटी कळते की भूत नव्हतेच, माळ्याची मुलगी होती. अलीकडे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) नेही कोकणच्या पावसातून आणि माणसाच्या हावेतून भय निर्माण केले. या भूमीतले भय या भूमीतून काढता येते, उसन्या कबरी लागत नाहीत, याचा हा पुरावा आहे.

‘नोस्फेरातू’ सुमारे दीड तासाचा आहे आणि आज विनामूल्य उपलब्ध आहे. २ नोव्हेंबरला कबरींवर दिवे लावून झाल्यावर, त्याच आठवड्यातील एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तो दाखवावा असा आमचा मानस आहे. बारा वर्षांखालील मुलांना घरी ठेवावे. चित्रपट मूक असल्याने मधल्या पाट्या मराठीत मोठ्याने वाचणारा कोणी खणखणीत आवाजाचा तरुण हवा. मूकपटांच्या काळी आपल्याकडेही पडद्याशेजारी असा एक सांगणारा उभा राहत असे. शेजारच्या कुटुंबांनाही बोलवावे, विशेषतः दफनभूमीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना.