हॉटेलात कोण खाते?

दिवाळीच्या अंकात बाहेरच्या जेवणाविषयी लिहावे, हे काही गृहिणींना रुचणार नाही. घरोघर चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असताना हॉटेलाचे नाव काढणारा माणूस कृतघ्नच म्हणायचा. पण खरे बोलायचे तर याच चार-आठ दिवसांत आपण बाहेर अधिक जेवतो. भाऊबीज झालेली असते, गोडाने तोंडाला मिठी बसलेली असते, पुण्या-मुंबईहून लेकी-नातवंडे आलेली असतात; आणि कोणीतरी म्हणते, "चला, आज बाहेरच जाऊ." गेल्या दिवाळीत आमच्या घरी हा ठराव एकमताने पास झाला, आणि त्या रात्रीपासून जो विचार मनात घोळतो आहे, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते. मग ज्याच्यावर आपण एवढा पैसा आणि एवढी हौस खर्च करतो, त्या हॉटेलातल्या ताटाची का होऊ नये?

सुरुवात मात्र अकोल्यापासून फार दूर करावी लागेल. माझी मुलगी नेदरलंड्समध्ये हेग शहरी नोकरी करते. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी तिच्याकडे दोन महिने राहिलो. मी शाकाहारी, शिवाय वयाने सत्तरीचा. तेव्हा माझी उपासमार होईल, ही तिची धास्ती. म्हणून दर रविवारी ती मला कुठल्या ना कुठल्या साध्या, घरगुती वळणाच्या हॉटेलात नेई. त्यांतली तीन माझ्या लक्षात राहिली.

पहिले इंडोनेशियन. इंडोनेशियावर डचांनी दीर्घकाळ राज्य केले; त्यामुळे तिकडची माणसे आणि त्यांचे जेवण हॉलंडात रुजले आहे. अशा लहान दुकानाला तिथे 'तोको' म्हणतात. काचेच्या कपाटात सकाळी शिजवलेले सात-आठ पदार्थ मांडलेले. भाताच्या ताटलीवर बोटाने दाखवाल ते वाढायचे. मी 'गाडो-गाडो' घेतले. उकडलेल्या भाज्या, त्यांवर भुईमुगाच्या दाण्यांची तिखट-गोड आमटीसारखी दाट चटणी. सोबत 'सांबल', म्हणजे दगडी खलात रगडलेल्या मिरच्यांचा ठेचा. त्यात बहुधा वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. मालकिणीला माझी अडचण कळली, तिने आत जाऊन माझ्यापुरते वेगळे वाटून आणले. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले. मिरचीने आले, असे मी मुलीला सांगितले.

दुसरे थाई. आंबट, गोड, खारट आणि तिखट या चार रुचींचा तोल हे त्या पाककलेचे मर्म. लिंबू, ताडगूळ, माशाचे खारे पाणी आणि मिरची. वर नारळाचे दूध आणि आपल्या परसातला गवती चहा. आमच्यासाठी माशाचे पाणी वगळून केले होते, तरी तोल ढळला नव्हता. थायलंडच्या सरकारने 2002 साली आपले जेवण जगभर पोचवण्याची रीतसर मोहीमच सुरू केली, आणि जगातल्या शहरांतून थाई हॉटेले वाढवली. त्याचे गुण त्या ताटात दिसतात, आणि दोषही. जेवण सरकारी पाठ्यपुस्तकासारखे नेटके होते: चूक काढायला जागा नाही, पण लेखक कोण, हेही कळत नाही.

तिसरे भारतीय. येथे माझी मान खाली गेली. चार भाज्या मागवल्या. रंग तीन निघाले, चव एकच. याचे कारण कोणत्याही हॉटेलच्या मुदपाकखान्यात सापडेल. कांदा, टोमॅटो आणि काजू-मगज यांच्या दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच पातेली भरून तयार ठेवतात. गिऱ्हाइकाने नाव उच्चारले की त्यांतलीच एक पळी कढईत पडते, वर पनीर किंवा वाटाणे, आणि भाजीचे बारसे होते. हे तंत्र वाईट नाही. दहा मिनिटांत पन्नास माणसांना वाढायचे तर दुसरा उपाय तरी कोणता? फाळणीनंतर पंजाबातून दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी तंदूर आणि मखनी शहरोशहरी नेली, आणि पोटासाठी केलेल्या त्या मेहनतीला माझा नमस्कारच आहे. पण त्या एका प्रांताच्या हॉटेली जेवणाला पुढे जगाने 'भारतीय जेवण' हे नाव दिले, आणि आपणही ते निमूटपणे स्वीकारले. हा जो हॉटेलातला भारत आहे, तो कोणाच्याच घरात राहत नाही, पंजाब्याच्यासुद्धा नाही.

तेव्हा मला वाटले, परदेशात आहे, चालायचेच. अकोल्यात असे होणार नाही.

आता गेल्या दिवाळीची रात्र. मुलगी आली होती, आणि तिच्याबरोबर तिची हेगची मैत्रीण. या मुलीचे आजोळ सुमात्रातल्या पाडांगकडचे. तिकडच्या खाणावळींची एक रीत तिने सांगितली: मागायचे काही नाही, दहा-पंधरा लहान वाट्या पुढ्यात आणून ठेवतात, ज्यांना हात लागेल त्यांचेच पैसे. आपल्या पंगतीसारखेच हे, फक्त हिशेब चोख! आम्ही तिला शहराबाहेरच्या रस्त्यावरल्या एका मोठ्या हॉटेलात नेले. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही.

पदार्थांची यादी चौदा पानांची होती. चिनी होते, मेक्सिकन होते, थाईसुद्धा होते. पाहुणीने ते जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत चाळले आणि विचारले, "यात तुमचे कोणते?"

आम्ही बापलेक शोधू लागलो. तेराव्या पानावर 'व्हेज कोल्हापुरी' सापडली. ती कोल्हापुरात कोणाच्या घरी शिजताना मी तरी पाहिलेली नाही. अकोल्याचे म्हणावे असे एक अक्षर नव्हते. नाइलाजाने मी गंमत म्हणून थाई हिरवी करी मागवली. ती हिरवी होती, एवढे मान्य केले पाहिजे. पण तो हिरवेपणा पालकाचा होता, दाटपणा सायीचा होता, आणि गवती चहाचा वासही नव्हता. पाहुणी सभ्य, तिने सगळी संपवली.

मी पोऱ्याला विचारले, "भाकर-झुणका, ठेचा, असे काही मिळेल का?" तो हसला. म्हणाला, "थे त लोकं घरीच खातेत नं काका! त्याच्यासाठी हॉटेलात कोन येईन?"

त्याचे उत्तर मी मनाशी पुष्कळ तपासून पाहिले. प्रथमदर्शनी ते बरोबर आहे. जे घरी होत नाही त्यासाठी माणूस बाहेर जातो. शेगावची कचोरी पाहा. फाळणीनंतरच्या काळात पंजाबकडून आलेल्या एका कुटुंबाने ती शेगावच्या स्टेशनावर विकायला सुरुवात केली, आणि आज गाडी शेगावला थांबली की डब्यात तिचाच घमघमाट सुटतो. अमरावतीचा गिला वडा पाहा. हे पदार्थ वऱ्हाडाने बाहेर खाल्ले आणि मानाने खाल्ले. मग भाकरीच्याच वाट्याला हा वनवास का?

माझे उत्तर असे की, आपण भाकरीला गरिबाची मानली. 1995 साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली. हेतू चांगला होता. पण त्यानेही हेच ठसवले, की ही ज्याला दुसरे परवडत नाही त्याची शिदोरी. पुढे योजना बंद पडली, आणि कित्येक केंद्रांच्या जागी दुसऱ्याच पदार्थांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. तिकडे शेगावला गजानन महाराजांना पिठले-भाकरीचा नैवेद्य आपण भक्तिभावाने दाखवतो. इकडे पाहुण्याला तेच वाढायचे म्हटले की आपला जीव संकोचतो. महाराजांना चालते ते पाहुण्याला का चालत नाही?

आणि यात मी स्वतः निर्दोष नाही. तीस-पस्तीस वर्षांत मी कितीतरी पाहुणे बाहेर जेवायला नेले असतील. एकदाही मी हॉटेलात भाकर मागितली नाही. पनीर मागवले म्हणजे पाहुणचार झाला, असेच मी समजत आलो. हॉटेलवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून यादी छापतो. त्या तेराव्या पानाचा एक लेखक मीही आहे.

परंतु पोऱ्याच्या वाक्यातला खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी उमगला. पाहुणी म्हणाली, "ते घरी खातात ना? मग आज घरी खाऊ." मुलीने माझ्याकडे पाहिले, मी मुलीकडे. हिची आई जाऊन चार वर्षे झाली. भाकर तीच थापायची. मी फक्त खात आलो. मुलीला थापता येत नाही, मला तर पीठ किती घ्यायचे हेही ठाऊक नाही. डब्यात ज्वारीचे पीठच नव्हते! "घरीच खातेत" हे आमच्या घरापुरते केव्हाच खोटे झाले होते.

आणि माझेच घर काही निराळे नाही. या काळ्या मातीत पूर्वी कपाशीच्या जोडीला ज्वारी हमखास असे. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा. कपाशी राहिली, सोयाबीन आले, बैल गेले आणि ज्वारी मागे हटली. गव्हाची पोळी सोपी, तिची सवय झाली. 2023 साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले, तेव्हा आमच्या वस्तीत ज्वारीच्या पिठापेक्षा ज्वारीवरची भाषणेच अधिक मिळाली. म्हणजे हॉटेलवाला म्हणतो घरी खातात, आणि घरचे म्हणतात आता कुठे मिळते! या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खे ताट नाहीसे होत आहे.

त्या दिवशी अब्रू राखली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या अकोटकडच्या मावशींनी. येताना त्यांनी आपल्याच घरचे पीठ आणले. झुणका केला, वांग्याची भाजी केली, फल्लीची चटणी केली. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि मला म्हणाल्या, "सांभार द्या." पाहुणीचे डोळे चमकले. तिला वाटले, सांबलच म्हणाल्या! वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे सांगेपर्यंत तिने खलबत्ता स्वतःकडे ओढला होता. तिच्या आजीचा खल पसरट होता म्हणे, पण मनगटाचा फिरवा तोच. मावशी तिच्याकडे पाहतच राहिल्या. मिरची आणि भुईमूग, दोन्ही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. एक गाठोडे सुमात्रा-जावात उतरले, एक आपल्याकडे. परके म्हणावे असे त्या ताटात पुष्कळ होते. पण परके वाटावे असे काही नव्हते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, भाकर गार झाली की वातड होते, रोडग्यांना गोवऱ्यांचा आर लागतो, थापायला हात लागतात. हॉटेलाला हे कसे जमावे? चौदा पानांच्या हॉटेलाला जमणार नाहीच. पण हेगच्या तोकोला जमते. सात-आठ पदार्थ, तेही सकाळी केलेले. संपले की दुकान बंद. डिसेंबरअखेर पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात प्रदर्शन भरते. तिथे बचतगटाच्या बाया चुलीवर भाकरी थापतात, आणि भरीत-भाकरीपुढे मोटारीतून उतरलेली माणसे उन्हात रांग लावतात. म्हणजे खाणारे आहेत, करणाऱ्याही आहेत. मात्र त्या हातांचे मोल द्यायची आपली तयारी हवी. पनीरच्या वाटीला तीनशे रुपये देताना आपण हूं की चूं करीत नाही, आणि भाकरीचे वीस म्हटले की, "इतके?" असे विचारतो. हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

थाई करीने अकोल्यात येऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. जरूर यावे, येताना गवती चहा घेऊन यावे, एवढेच. पण पाहुणा आला की घरधन्याने घर सोडून जावे, अशी आपली रीत नाही.

या दिवाळीत आपण बाहेर जेवायला जाल, तेव्हा माझ्यासाठी एक करा. यादी हातात घेण्यापूर्वी विचारा, "भाकर भेटते काय?" नाही म्हणतील. पुन्हा जाल तेव्हा पुन्हा विचारा. मी तर या दिवाळीपासून मावशींकडे थापायला शिकतो आहे. पहिल्या तीन भाकरी फाटल्या, चौथी तव्यावर चिकटली; पाचवी थोडी फुगली.